पायताण चावतं

मिणचेकर सरांनी इंग्रजी म्हण फोडून सांगितली:
बूट कुठे चिमटतो, ते घालणाऱ्यालाच ठाऊक.
मी सुभाषनगरचा, चपलांच्या घरातला.
म्हटलं, सर, चिमटत नाही. चावतं.
वर्ग हसला. सर म्हणाले, बरं, चावतं.

मग मूळ सांगितलं.
रोममध्ये एकानं बायको सोडली.
सोयरे म्हणाले, देखणी, गुणाची, खोट काय होती?
त्यानं पायातला जोडा काढून पुढं धरला:
नवा आहे, सुबक आहे,
सांगा बघू, मला कुठं लागतो?

संध्याकाळी शेवंताआत्याला हेच सांगितलं.
ती कातड्याची वेणी घालत होती, एक वादी दातात धरून.
तिच्या लग्नात सगळे म्हणाले होते, जोडा शोभतो.
गडहिंग्लजहून ती परतली, त्याला सोळा वर्षं झाली.
का, ते कुणी विचारलं नाही.
नवं पायताण दोन दिस चावायचंच, तेल लाव,
एवढंच.

तिनं दातातली वादी सोडली.
"आनि तिला रं?
तिला कुठं चावत हुतं,
ते लिवलंय का पुस्तकात?"

मी वही चाळली.

आत्या उठून पाणी आणायला गेली,
अंगणातनं,
नेहमीसारखी
अनवाणी.