दोन डावे

इन्व्हरकारगिलला जुलैत वारा सुटतो
तेव्हा शेडचा पत्रा दाढेसारखा ठणकतो.
मला दाढेचंच सुचणार.
बत्तीस वर्षं मी लोकांच्या कवळ्या केल्या,
मेणात बसवल्या, घासल्या, चकाकवल्या;
त्या कुणाच्या तोंडात गेल्या, काय चावलं त्यांनी,
कधी पाहिलं नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच सोमवारी लेथ आणली,
गोदीवरच्या एका फिटरच्या विधवेकडून.
ती म्हणाली, थंडीत पट्टा घसरतो ह्याचा,
जरा वेळ द्या त्याला.
आणि गाडी वळेपर्यंत फाटकात उभी राहिली.

पहिलं वर्ष चौकटीत गेलं.
दुसऱ्यात सिलिंडर: ओतीव लोखंडाचे गोळे,
भट्टीतली काळी वाळू अजून अंगाला चिकटलेली.
कापायचं, मोजायचं, श्वास धरून पुन्हा मोजायचं.
सूतभर म्हणजे इथं मैलभर.
एका रात्री दोन्ही पुसून शेजारी ठेवले
तर दोन्ही डावे.
एकाच पायाचे दोन बूट घालून
लग्नाला निघावं, तसे.
मॉर्व्हेन चहा घेऊन दारात.
तिनं पाहिलं, कप ठेवला, एक शब्द नाही,
आणि घरात जाऊन इतकी हसली
की पत्र्यातून ऐकू आलं.

दुसरा डावा मी टाकला नाही.
खिडकीत आहे. पेन्सिली ठेवतो त्यात.

तांब्याचं मात्र वेगळं.
लाल तापवा, विझवा, की लोण्यासारखं वळतं,
चार ठोके खाल्ले की रुसून ताठ,
पुन्हा भट्टी, पुन्हा मनधरणी.
आणि चांदीचा डाख! तो कुणाचं ऐकत नाही,
जिकडे जास्त धग तिकडेच धावतो.
क्लबचा टलक बॉयलर तपासायला आला,
गार पाणी भरून पंप मारत राहिला,
दुप्पट दाबाला
एका टेकूच्या बुडाशी एक थेंब आला.
लहानसा. मी बोटानं पुसला.
पुन्हा आला.
"रडतोय, कॅल्डर," टलक म्हणाला, "पुढच्या महिन्यात आण."
असे तीन महिने.
चौथ्या वेळी त्यानं बोट फिरवलं, कोरडं निघालं,
ते त्यानं स्वतःच्या कोटाला पुसलं तरी,
सवयीनं.

एप्रिलमध्ये, सहाव्या वर्षी, शनिवारी,
रॉकेलात भिजवलेल्या ढलप्या,
वर सुपारीएवढे कोळसे,
धुराड्यावर छोटा पंखा घरघरतोय.
काटा बराच वेळ झोपलेला.
मग एकदम, कुणी हाक मारल्यासारखा, उठला.
वीस. चाळीस. झाकणाशी पाणी सुरसुरू लागलं.
ऐंशी पौंडांना मी लीव्हर पुढे टाकला,
वाफ सोडली,
आणि माझी गाडी
दोन खोकल्यांत सगळं तेलपाणी माझ्या चष्म्यावर उडवून
मागे निघाली.

सहा वर्षं, आणि इथं घोडं पेंड खावं?
हेही कुठंतरी उलटंच जोडलेलं, अर्थात.
टलकनं टोपी काढली, डोकं खाजवलं.
"मग लीव्हर मागे ओढ की."

ओढला.
ती पुढे गेली.

माझे ब्याऐंशी किलो, गुडघे हनुवटीशी,
तिच्यामागे चार चाकांच्या फळीवर.
माझ्या हातची एक वस्तू मला ओढतेय
आणि मी तिच्या अगदी मागे बसून
प्रत्येक घास पाहतोय:
कोळसा, पाणी, वारा.
पॉपलरांची पिवळी पानं रुळावर, चिरडत, चिकटत.
शिट्टी वाजवली. सूर थोडा खाली लागतो.
राहू दे.

पहिल्या वळणावर मॉर्व्हेन भेटली,
कोटाची कॉलर वर, शेजारून चालत,
मग जरा पळत.
ओरडून विचारलं तिनं:
"थांबते कशी ही?"

ब्रेक
मी पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवला होता.