ओळख-किल्ली, सातवी क

किल्ली म्हटल्यावर शाहनीरनं विचारलं,
मिस, कुलूप कुठंय?
मी त्याला पटांगण दाखवलं.
रास अल खैमा, नोव्हेंबर, सकाळचे साडेआठ.
भिंतीलगत दमासचं कुंपण, ठिबकच्या काळ्या नळ्या,
आणि शाळेच्या आधीपासून उभी असलेली काही झाडं
ज्यांना मुलं आजवर नुसतं
सावली म्हणत होती.

एका वेळी एकच प्रश्न, मी सांगितलं,
आणि उत्तरं दोनच.
'मोठं पान' लिहायचं नाही. कुणापेक्षा मोठं?
'सुंदर' तर नाहीच नाही.
बोटाला लागतं, डोळ्याला दिसतं,
उद्या आलेल्या परक्यालाही जे तसंच दिसेल
तेवढंच.

१. पान एकसंध: २ कडे जा.
    पान बारक्या पानांचं मिळून: ४ कडे जा.

२. तोडल्यावर पांढरा चीक येतो: रुई.
    (हारिका, ते बोट डोळ्याला लावू नकोस.)
    येत नाही: ३ कडे जा.

३. देठाच्या बुडापासून तीन शिरा: सिद्र.
    मधोमध एकच: दमास.

सिद्र म्हणजे बोरच की, मी मनाशी म्हटलं.
आजोळच्या बोरीचं पान उलटलं तर पाठ पांढुरकी,
लोकर चोळल्यासारखी.
ही दोन्हीकडून हिरवी.
बहिणी असतील, चुलत.

चारला कड करवती निघाली आणि कडुनिंब सुटला.
पाचवर सगळा वर्ग अडला.
दोन झाडं, लांबून एकाच आईची वाटावीत अशी,
तीच पिसासारखी पानं, तेच वाकणं.
ग्लेनिशनं वहीत लिहून आणलं:
    ५. इथलं झाड.
        बाहेरून आलेलं झाड.
मी म्हटलं, कुठल्या पानावर लिहिलंय, दाखव.
त्यानं खरंच पान उलटून पाहिलं.
मग एकेकानं पाहिलं. एकतीस मुलं,
बहुतेक याच गावातल्या एका दवाखान्यात जन्मलेली,
'गाव कुठलं' या प्रश्नाला
वर्षातून वीस दिवस पाहिलेलं नाव सांगणारी.
ग्लेनिशनं आपली ओळ स्वतःच खोडली.

नळी जोडता जोडता मोफिजभाई म्हणाला, बकरी आणा.
गाफचा पाला खाते, दुसऱ्याला तोंड लावत नाही.
मुलांनी लगेच लिहून टाकलं, आनंदानं.
आणि बकरी नसेल तर?
तर अंगठा, म्हणाला तो,
आणि फांदीवरून आपला फिरवला, सावकाश.

५. काटे दोन पेरांच्या मधे, विखुरलेले, वाटेल तिथे: गाफ.
    काटे पेरावरच, पानाच्या बगलेत, जोडीनं: घुवैफ.

घुवैफ मी ओळखली, वेडी बाभूळ आमची,
माळावर सरपणाची, पायात मोडणारी.
गाफचं शास्त्रीय नाव रात्री काढलं
आणि बराच वेळ पडदा तसाच उघडा राहिला.
शमी.
दर दसऱ्याला जिचं नाव ऐकलं
आणि हातात मात्र आपटाच दिला-घेतला,
ती शमी. सहा वर्षं
तिच्या सावलीत मी गाडी लावत होते,
काचेवर तिची पानं पडली की
वायपरनं लोटत होते.

गुरुवारी किल्ली लॅमिनेट करून भिंतीला लावली.
परक्याकडून तपासायची असते,
म्हणून पाचवीतली दोन मुलं बोलावली.
ती झाडांकडे गेलीच नाहीत.
स्टाफरूमच्या एसीचं पाणी जिथं थेंब थेंब गळतं
तिथं उकिडवी बसली आणि ओरडली,
हे कुठल्या नंबरचं?

बोटभर रोप. दोन जाड बीजपत्रं,
ना कड, ना काटा, शिरा धड दिसत नाहीत.
एकच्या आत शिरायलाही पान नाही त्याला.
खरं पान नसेल तर किल्ली चालत नाही,
हे मी शिकवायचं विसरले होते.

मैथिलीनं लॅमिनेशनवरच, मार्करनं, तळाशी लिहिलं:
६. अजून सांगता येत नाही.
    एसी चालू ठेवा.
    थांबा. मग १ कडे जा.