तीस मिलीचं माप

डॉक्टर म्हणाले, आता पोट केळ्याएवढं उरेल.
मी विचारलं, कुठल्या? मोयरेच्या की सालदाटीच्या?
डॉक्टर पुण्याचे. नुसते हसले.

सालदाटी निघालं.

डिचोलीच्या बाजारामागे माझं तावेर्न,
सात टेबलं, एक फळी,
फळीवर काचेचं माप, त्यावर लाल रेष.
एकोणीस वर्षं मी त्यातून काजूची फेणी ओततोय,
आणि खरं सांगायचं तर
रेषेच्या केसभर खाली.
एकशे एकेचाळीस किलोंचा मालक.
गिऱ्हाइकाला वाटायचं, खाऊनपिऊन सुखी माणूस,
हा कशाला थेंब चोरील?

आता तसलंच माप माझ्यासमोर, पाण्याचं.
दर पंधरा मिनिटांनी तीस मिली,
तेही एका दमात नाही,
ओठ ओले करत, एखाद्या व्रतासारखं.
सिस्टर फिलोमेनानं बजावलंय:
स्ट्रॉ नको, सोडा नको, घाई नको,
आणि बाब, रेषेच्या खाली नको हां,
पाणी कमी पडलं तर परत सलायन लावावं लागेल.

तिला कुणी सांगितलं असेल?

पहिला आठवडा निवळीचा.
शेवंती उकड्या तांदळाची पेज शिजवते
आणि वरचं पाणी तेवढं वाटीत घेते.
शितं टोपात राहतात.
मी जाऊन बघून येतो.
याच दहाच्या पेजेचे मी तीन वाडगे रिचवायचो,
बरोबर तोराचं लोणचं, भाजलेला खारा बांगडा,
आणि त्यानंतर विचारायचो, आज जेवायला काय?

पहाटे पोदेर भोंपू वाजवत येतो.
माझा हात आपसूक पिशवीकडे जातो.
आत खाण बंद झालीय,
पण तोंडाला कुणी कळवलेलंच नाही.
ट्रक अजून रांगेत उभे,
ड्रायव्हर पायरीवर बसून.

दुसऱ्या आठवड्याबद्दल बोलायला नको.
डब्यातली पावडर, व्हॅनिला म्हणे.
नव्यानं रंगवलेल्या भिंतीला जीभ लावून बघा.

तिसऱ्यात मुडदुशी आली.
नुसत्या हळदमिठात उकडलेली, ना तिरफळ, ना मिरची.
शेवंतीनं काटे काढले, चमच्याच्या पाठीनं चिरडली,
माझी मुलगी सहा महिन्यांची असताना
भात चिरडायची तशी.
एक चमचा, आणि घड्याळ.
मासा गोड असतो,
हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या चमच्याला शिंक आली.
सिस्टर म्हणाली होतीच, कुणाला उचकी, कुणाला शिंक,
पोट भरल्याचं ते सांगणं.
सत्तेचाळीस वर्षं जेवलो,
पोटानं मला कधी काही सांगितलं नव्हतं.
की सांगितलं होतं
आणि मी वर ढेकर दिला होता?

दुसऱ्या दिवशी शिंकेनंतरही पाचवा चमचा घेतला.
मग अर्धा तास न्हाणीत, कपाळ फरशीला टेकून.
शेवंती पाठीवर हात ठेवून उभी.
काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

संध्याकाळी कायतान आला, नेहमीच्या खुर्चीत.
माझ्यासमोरचं माप बघून म्हणाला,
पुरे झालं म्हणत होतास ना?
पाणी आहे, मी म्हटलं. पंधरा मिनिटं चालतं.
पंधरा?
त्यानं आपला ग्लास उचलला, ओठाला लावला, खाली ठेवला.
मीही तसंच.
बाहेर मासळीवाल्या पाट्या धूत होत्या.
दोन घोटांत संपणारी त्याची फेणी
त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत पुरली.
आम्ही त्याच्या सुनेबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल,
काहीच नाही त्याबद्दलही.

दुसरी मागितली तेव्हा मी ओतली,
बरोब्बर रेषेला.

कायताननं माप दिव्यासमोर धरलं,
एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.
म्हणाला, हात थरथरतो रे तुझा अजून.
जास्त पडली बघ.

मी घड्याळाकडे पाहिलं.
अजून चार मिनिटं.