स्लाइड नंबर बेचाळीस

बाईंनी टेबलावर पेन आपटलं की पुढची स्लाइड,
दोनदा आपटलं की मागची.
सांगलीच्या चित्रशाळेत एकवीस वर्षं
माझी नोकरी एवढीच: टक्. टक्-टक्.
स्लाइड उलटी घालायची असते,
म्हणजे भिंतीवर माणूस सरळ उभा राहतो.
तिकडचे सगळे राजे, सगळे संत
माझ्या बोटांत खाली डोकं वर पाय येऊन गेले.

उपाध्येबाई म्हणायच्या,
अंधाराला कामाला लावलं की झालं बरोक.
मुलं लिहून घ्यायची.
मला हरिपूरचं पेव दिसायचं.
अब्बा हळद काढायला उतरायचे,
त्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडायचे
आणि आम्ही पोरं तोंडाशी ओणवी, श्वास धरून.
कंदील विझला तर आत हवा नाही, उतरायचं नाही.
जळत राहिला तर थोड्या वेळानं खाली
अब्बांचा एक गाल, एक खांदा,
पालथा हात हळदीत रुतलेला,
उरलेला माणूस काळोखाकडं गहाण.
इटलीतल्या त्या खोलीत उजेड असाच पडला होता.
मला त्याचं नवल नव्हतं.
दोर कुणाच्या हातात आहे
ते तेवढं चित्रात दिसत नव्हतं.

मग झोपाळा, गुलाबी घेर,
हवेत भिरकावलेली नाजूक चप्पल.
पोरं खिदळायची. बाई म्हणायच्या, हसून घ्या,
पुढं मानेवर पातं आहे.
टक्. तलवारींसाठी हात पुढं केलेले तीन भाऊ,
कंपासपेटीतून काढल्यासारखे ताठ.
टक्. तराफ्यावर माणसांचा ढीग,
लांब कुठंतरी टाचणीएवढं गलबत.
टक्. बेचाळीस.

बेचाळीसमध्ये दोघं खडी फोडतात.
एक म्हातारा, एक पोरगा, तोंड कुणाचंच दिसत नाही,
पोराच्या शर्टाला पाठीवर भोक.
मिरज रोडच्या कामावर असली पाठ मी रोज बघायचो.
मूळ चित्र युद्धात जळालं, बाई म्हणाल्या,
आता ते फक्त फोटोत आहे.
मागच्या बाकावरून पद्मण्णा बोरगावे उठला,
"मग बाई, आत्ता आपण काय बघतोय?"
बाईंनी पेन दोनदा आपटलं.
मी मागची लावली.
तराफा परत आला.

पाच सालच्या महापुरात
हरिपूरची पेवं आणि आमचं कपाट
एकाच पाण्यानं भरलं.
पाणी उतरल्यावर बाई गाळातून आल्या, साडी खोचून.
गच्चीवर दोरी बांधली, चिमटे घरून आणलेले,
आणि तीनशे वर्षं वाळत घातली.
काळ्या स्लाइडींच्या कडा विरघळून
आतून पिवळं फुटलं होतं, मग नारिंगी.
चित्रकारानं एक झरोका ठेवला होता,
कृष्णेनं भिंतच पाडली.
राजांच्या अंगावर बुरशीची नक्षी,
तराफा बुडाला एकदाचा.
शेवटच्या डब्यातली ती धुक्यातली बंदरं, गवताच्या गंजी, कमळांची तळी
बाईंनी एकेक उन्हात धरून बघितली.
"दस्तगीर, ही बिघडली की अशीच होती?"
मी म्हणालो, तुम्हीच शिकवलंय.
त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला,
मग बराच वेळ पुसतच राहिल्या.

बेचाळीस कोरी निघाली. स्वच्छ.
आगीत गेलेलं चित्र
आमच्याकडं येऊन पाण्यात गेलं.
तरी बाई म्हणाल्या, लाव.
मशीन कसंबसं सुरू झालं.
उलटी की सुलटी, कळेना. घातली.
भिंतीवर पुराची रेघ,
तिच्यावर उजेडाचा चौकोन,
चौकोनात वाळलेल्या गाळाची धूळ तरंगत होती,
प्रत्येक कण वेगळा.
पद्मण्णा वही उघडून बसला होता.
मी दिव्याशी ओणवा, श्वास धरून.
जळत होता.
बाईंनी पेन उचललं होतं, ते तसंच हातात राहिलं.