नाड्या

सोसायटीच्या मासिक सभेत विषय क्रमांक सहा:
रात्रपाळीचा वॉचमन बूट घालतो,
पण नाड्या बांधत नाही.
बी-विंगच्या सबनीसांनी मोबाइलवरचा फोटो फिरवला.
बुटांच्या जिभा बाहेर,
दुपारी गाडीखाली पडलेल्या कुत्र्यांसारख्या.
दंड रुपये पन्नास, सर्वानुमते.
मी खजिनदार. पावती माझ्याच अक्षरात.

द्यायला खाली गेलो, तर खुर्ची रिकामी.
टेकबीर घर्ती गच्चीवर होता,
टाकीचा व्हॉल्व्ह फिरवत.
तिथून डाव्या हाताला खारघरची टेकडी,
आणि उजवीकडे तळोज्याच्या तुरुंगाचे दिवे,
ज्यांच्यामुळे आमच्या फ्लॅटचा भाव
चौरस फुटाला दोनशेने कमी आहे, असं सबनीस म्हणतात.

पावती त्याने दोन्ही हातांनी घेतली.
मोठ्याने वाचली, अक्षर अन् अक्षर.
मराठी येतं? विचारलं.
लिपी एकच आहे ना साब, म्हणाला.
मग मी काही न विचारताच बोलू लागला,
पाणी येण्याआधी नळातून हवा बोलते तसा,
अडखळत, आणि मग एकदम.

आम्ही सत्तावन्न होतो, साब. चौकी पहाटे पडली.
समोरचेही आमच्याच डोंगरातले.
हात वर, हात वर, असं आमच्याच बोलीत ओरडत होते,
त्यातला एक तर माझ्या मामाच्या गावचा सूर लावत होता.
एवढ्या माणसांना बांधायला दोर कुठून आणणार?
आमच्याच बुटांच्या नाड्या काढल्या
आणि आमचेच हात बांधले.
बूट राहू दिले पायात.
पण नाडीशिवाय बुटात
चढ चढवत नाही, उतारावर पळवत नाही.
अकरा दिवस चाललो.
तारेचं कुंपण नव्हतं कुठेच.
कुंपण पायात होतं.

छावणी म्हणजे एक शाळा.
फळ्यावर शेवटच्या दिवशीचा पट तसाच:
मुलं एकतीस, मुली एकोणीस.
त्याखाली ते रोज सकाळी लिहायचे, कैदी सत्तावन्न.
मग पंचावन्न.
पुसायला डस्टर नव्हता,
तर पोरगा बाहीने पुसायचा.

पोरगा सोळाचा असेल. मला बांधलं होतं तेही त्यानेच.
गाठ सैल मारली होती.
मुद्दाम, की येतच नव्हती, कळलं नाही.
मी पळालो नाही.
तेही का, कळलं नाही.
सुटून परत गेलो तेव्हा आमच्याच कचेरीत
टेबलापलीकडच्या साहेबाने विचारलं,
गाठ सैल होती म्हणतोस, मग तिथे काय करत होतास?
आणि सात महिन्यांचा पगार कापला.
मी पावती मागितली, साब.
मिळाली नाही.

खाली कुणीतरी हॉर्न दिला.
तो कठड्यावरून वाकला, गाडीचा नंबर पाहिला,
चारशे दोन, त्यांच्याकडे चावी आहे, म्हणाला.
मग रस्त्यापलीकडच्या टॉवरकडे हनुवटी केली.
त्या गेटवर बसतो ना, जितमान रोका.
तोच तो.
पैसे पाठवायच्या दुकानात रांगेत भेटला, बेलापूरला.
त्यानेच मला ओळखलं आधी.

मला काय विचारावं सुचेना.
विचारलं, बोलता का एकमेकांशी?
तंबाखू माझी असते, म्हणाला, चुना त्याचा.
आणि गाठीचं?
तो हसला, किंवा व्हॉल्व्ह कुरकुरला.
त्याला विचारलं तर तो काहीतरी सांगेल, साब.

मी आणखी एक मूर्ख प्रश्न विचारला:
त्याच्या बुटांना नाड्या आहेत?
त्यांच्या सोसायटीत बूट देत नाहीत, म्हणाला.
चप्पल चालते.

दोन वाजता जाग आली.
आमच्या गेटवरून शिट्टी वाजली, एक लांब.
समोरून उत्तर आलं नाही. बराच वेळ आलं नाही.
मी उठून खिडकीशी गेलो,
आणि मग आलं.

पावती क्रमांक तीनशे अठरा.
रद्द करायला दोन सह्या लागतात.
माझी झाली आहे.
सबनीस पुण्याला गेलेत, लेकीकडे,
कधी येणार ते सांगून गेले नाहीत.