लांब बाजू : दोन हजार

तिबिलिसीच्या संग्रहालयाचं पत्र दोन ओळींचं.
चियातुराचे सगळे फोटो जेपेगमध्ये हवेत,
लांब बाजू दोन हजार पिक्सेल. सोमवारपर्यंत.

ओतारकाकांच्या स्टुडिओत
नऊ हजार सातशे अठरा फाइली.
टिफ, रॉ, जेपेग, आणि एक प्रकार असा
की तो उघडणारी कंपनीच आता बुडालेली.
मँगनीजच्या खाणी, पाळी सुटल्यावरची काळी तोंडं,
दरीवरून लोंबकळत जाणाऱ्या रोपवेच्या पेट्या.
पेटीत कोंबडी घेऊन बसलेली बाई,
पेटीत नवरी,
पेटीत शवपेटी.
उभी धरावी लागली, काका सांगतात,
आडवी मावेना.

‘एकेक करत बसलीस, नेस्तान, तर म्हातारी होशील,’
म्हणाले आणि कॉफी चढवायला आत गेले.

मी बॅचची खिडकी उघडली.
कुठून : हे फोल्डर, आतली फोल्डरंही.
दर्जा ऐंशी. थोडी धार.
खाली एक बारका चौकोन होता,
‘लहान चित्रं मोठी करू नका.’
त्यावर खूण करायची राहिली.
त्याखाली दुसरा, ‘जुन्या फाइलीवरच लिहा.’
त्यावर कुणीतरी आधीच खूण करून ठेवलेली.
कुणीतरी म्हणजे मीच,
मार्चमध्ये, पासपोर्टच्या फोटोंच्या घाईत.

सुरू.
सब घोडे बारा टक्के.

रात्रभर पंखा घोंगावत होता.
प्रत्येक फोटो अर्धा सेकंद पडद्यावर यायचा
आणि मापात बसून निघून जायचा.
बेकरीची पाटी. कुणाचा तरी कोपर.
नदी. नदी. पुन्हा नदी.
क्विरिला तेव्हा खाणीच्या गाळाने काळीच वाहायची,
रंगीत फिल्मचा खर्च
तिच्यावर फुकट गेला.

सकाळी पडद्यावर : नऊ हजार सातशे सतरा झाले, एक चूक.
चूक म्हणजे ती बुडालेल्या कंपनीची फाइल,
तिचं दुःख कुणालाच नव्हतं.
उभे फोटो तेवढे आडवे पडलेले,
अख्खा चौथीचा वर्ग बाईंसकट कुशीवर झोपलेला.
ते फिरवता येतं.
टिफ बचावल्या, नाव बदललं म्हणून.
जेपेग होत्या, त्या मात्र जेपेगनीच गिळल्या.

मग काका आले, कपाच्या काठावरून पाहत म्हणाले,
‘त्सियाला दाखव.’

गळ्यात तीन कॅमेरे घालून हा माणूस
गावभर फिरला चाळीस वर्षं,
आणि बायकोचा फोटो एकच.
नवऱ्यापुढे कसली पोझ द्यायची, म्हणायची ती.
पहिला मोबाइल घेतला त्या दिवशी, तोही वापरलेला,
तिला कळायच्या आत काढलेला,
रोपवेच्या खिडकीत, हात अर्धवट वर.
एकशे शहात्तर बाय एकशे चव्वेचाळीस.
टपालाच्या तिकिटाएवढी बायको.

आता ती दोन हजार बाय सोळाशे छत्तीस.
गाल म्हणजे तपकिरी फरश्या,
डोळा म्हणजे दोन विटा आणि एक डाग,
हाताचं काय झालं ते सांगवत नाही.
दुसरी प्रत? मी विचारलं.
काकांनी मान हलवली.
तो मोबाइल नदीत पडला होता, त्याच वर्षी.

मी म्हटलं, माझ्यामुळे झालं.
त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.
चष्मा काढून खिशात ठेवला,
उलट पावली मागे सरकत गेले,
दिव्यांच्या छत्र्या ओलांडून,
काळ्या पडद्यापर्यंत,
गिऱ्हाइकांच्या स्टुलावर जाऊन बसले.
डोळे बारीक केले.

‘इथून दिसतेय,’ म्हणाले.
‘पेटी या काठाला लागायच्या आधी
एवढीच दिसायची.’

बराच वेळ बसले. कॉफीवर साय धरली.
मी चौथीच्या मुलांना उठवून उभं करत होते
तेव्हा मागून आवाज आला,

‘तिबिलिसीला हाही पाठव.
मापात बसतोय.’