इतिवृत्त

मंडळाची वही माझ्याकडे आहे एकोणीस वर्षं.
महिन्याचा दुसरा रविवार, दांडिया बाजार, वरचा हॉल.
पानं उलटली तर दिसतं :
उपस्थिती एकवीस. चौदा. नऊ.
मग एखाद्या नावामागे 'कै.',
दोन मिनिटं उभे, चहा.
प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत उभी हयात बेरजा केल्या,
वजाबाकी इथे शिकलो.

ही मुलं कवितेचं भलं करायला आली नव्हती.
हॉलचं भाडं परवडलं, एवढंच.
सहा जण, दोन स्कूटरी,
बोटांना सेव-उसळीचा वास.
एकाचं नाव जिग्नेश, आडनाव मोहिते,
मकरपुऱ्यात अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमा बसवतो.
कविता फोनवर;
मध्येच गिऱ्हाइकाची रिंग आली की ओळ तुटायची,
आणि आम्ही तिथेच टाळ्या वाजवायचो.

मग केतकी फणसे उभी राहिली.
'बारीतून ऊन येतं
आणि आईचं शिवणयंत्र थांबतं – '

दिघे सरांनी काठी आपटली.
खिडकी म्हणा. बारी गुजराती.

तिच्या हातात कागदही नव्हता चाळा करायला.
म्हणाली, सर, आमच्या घरात
चार पिढ्या बारीच आहे.
खिडकी कुणी बसवलीच नाही.

कुणी हसलं नाही.
मला आठवलं, घरी मीही बारीच म्हणतो,
वही उघडली की खिडकी लिहितो.
सुवाच्य अक्षरात. एकोणीस वर्षं.

जिग्नेश उठला,
रस्त्याकडचं दार-तावदान रंगाचे थर बसून चिकटलेलं,
खिशातून पेचकस काढून कडेनं फिरवला,
दोनदा ठोकलं, तिसऱ्यांदा
हिरवा पापुद्रा उडून सरांच्या टोपीवर पडला
आणि खालच्या घड्याळवाल्याचं भांडण
अख्खंच्या अख्खं वर आलं.

वाचा पुढे, सर म्हणाले.
हरकत मागे घेतली नाही. तशी नोंद आहे.

पुढल्या महिन्यात त्यातले चौघंच आले.
केतकीची परीक्षा होती.
सर मात्र अर्धा तास आधीच येऊन
तिथे, वाऱ्याला पाठ देऊन, बसलेले.
मी विचारलं, गार लागत नाही का?
लागतं, म्हणाले.

उपस्थिती अकरा. दोन कप कमी पडले.
बारी उघडी होती.